भाऊंचा उलटा कॅन

भाऊ, कालची गोष्ट तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. गेल्या बारा दिवसांत कितीदा तरी असं झालं, की काही सांगायचं म्हणून मी फोनकडे हात नेला आणि मग आठवलं. पण कालची गोष्ट एवढी मोठी आहे, की तुम्ही नाही हे माहीत असूनही मी कागद घेऊन बसले आहे. मी हळू लिहिते हे तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही म्हणायचात, "बाई, तुमी एक ओळ लिवस्तवर आमची टाकी भरती." तर भरू दे टाकी. 

बबन काल उलट्या कॅनवर बसला.

आपला बबन! अमोनियाच्या कॉम्प्रेसरवर अर्धं आयुष्य काढलेला, "मी चुकत न्हाई, मशीन चुकतं" म्हणणारा, त्या कॅनला "रडायचा पाट" असं नाव ठेवणारा बबन. तो आला, बसला, डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि सगळ्यांसमोर बोलला. काय बोलला ते सांगते. पण तुम्हाला गोष्ट मधूनच सुरू केलेली चालायची नाही. "पयल्यापासून," म्हणायचात. शिवाय वहिनींनी सांगितलंय, की रविवारी खोडदला तुमच्या आठवणीसाठी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे, त्याला काहीतरी लिहून आण, सगळ्यांसमोर वाचू. त्यात केंद्रावरची नवी मुलंही असतील. त्यांनी तो कॅन रोज पाहिलाय, पण तो उलटा का, हे त्यांना माहीत नाही. तर पहिल्यापासून.

तुम्ही यायच्या आधी कळंबजवळच्या आपल्या दूध शीतकरण केंद्रावर एक पद्धत होती. ज्याच्या हातून चूक झाली, त्यानं फलाटाशी नासलेल्या दुधाच्या कॅनशेजारी उभं राहायचं, सकाळचं दूध उतरवून होईपर्यंत. गावोगावचे टेम्पो यायचे. प्रत्येक टेम्पोवाला विचारायचा, "आज काय पराक्रम?" आणि उभ्या असलेल्यानं प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचं. आधीचे साहेब दुष्ट नव्हते. त्यांना मनापासून वाटायचं, की लाज वाटली की माणूस नीट काम करतो.

मी एकदा तिथं उभी राहिले आहे. नोकरीला चार महिने झाले होते. दोन गावांच्या नमुन्याच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांची माझ्याकडून अदलाबदल झाली. प्रयोगशाळेत मी एकटीच मुलगी, ओतूरच्या कॉलेजात बी.एस्सी. झालेली, पिशवीत कायम एखादं पुस्तक. म्हणून टेम्पोवाल्यांनी माझं नावच "पुस्तक" ठेवलं होतं. त्या सकाळी एकजण ओरडला, "काय गं पुस्तक, पान चुकलं व्हय?" सगळे हसले. आणि मीही हसले. त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

लाज वाटून माणसं नीट काम करायला लागली का? छे. ती नीट लपवायला लागली. एकदा कॉम्प्रेसरच्या एका जोडातून अमोनिया गळायला लागला. बबननं त्याच्यावर ओलं पोतं गुंडाळलं आणि दोन दिवस कुणाला सांगितलं नाही. आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांना झोंबत होतं. डोळे पुसत आम्ही एकमेकांना म्हणत होतो, "आज वारं लई सुटलंय." अमोनिया म्हणजे काय हे तिथं प्रत्येकाला माहीत होतं, भाऊ. छातीत गेला तर माणूस उरत नाही. तरी आम्हाला त्या वायूपेक्षा त्या कॅनची भीती जास्त होती.

मग तुम्ही आलात. सुदाम रोकडे, नवे केंद्रप्रमुख. पहिल्याच दिवशी सांगितलंत, "सायेब म्हनू नका, भाऊ म्हना," आणि आम्ही आपसात ठरवून टाकलं, की हा माणूस फार दिवस टिकत नाही.

तुमचा तिसरा आठवडा होता. उन्हाळा. एका गावचा टेम्पो वाटेत बंद पडून दोन तास उशिरा आला. मागं इतर गावांचं दूध उन्हात खोळंबलेलं. मी त्या गावचे नमुने घेऊन आत गेले होते. परीक्षानळीत दूध उकळायचं, फाटलं तर ते आत घ्यायचं नाही, एवढी साधी तपासणी. पण तिलाही वेळ लागतो. बाहेर तुम्ही म्हणालात, "वता, वता, बाकीचं तापतंय." मी फाटलेल्या दुधाची नळी हातात धरून धावत बाहेर आले, तोवर पंप सुरू झाला होता. चांगल्या दुधाची आख्खी टाकी आंबली.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. दूध तपासायचं काम माझं, म्हणजे चूक माझी. माझे पाय आपोआप कॅनकडे वळले.

"कुठं चालल्या, बाई?"

"उभी राहायला."

"चूक कुणाची?"

बबन लांबून बघत होता.

"बोला की. चूक कुणाची?"

"तुमची," मी म्हणाले. ते मलाही नीट ऐकू आलं नसेल.

"लई बारीक बोलता," तुम्ही म्हणालात. "पर बरोबर बोलला."

आणि तुम्ही जाऊन कॅनशेजारी उभे राहिलात. केंद्रप्रमुख! डोक्यावर ऊन, पांढरा शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. खोळंबलेल्यांतला पहिला टेम्पो पुढं आला. त्यातून एक म्हातारे बाबा खाली उतरले, तुमच्याकडे बघितलं, कॅनकडे बघितलं, परत तुमच्याकडे बघितलं.

"सायेब, तुमी? आन् हितं?"

"घाई केली. बाईंची तपासणी व्हायच्या आदी दूध वतायला लावलं. टाकी नासली."

"पर सायबाला उभं कोण करतं?"

"सायबाची चूक, बाबा."

प्रत्येक टेम्पोला तुम्ही तेच सांगितलंत. न चिडता, न सजवता. सुरुवातीला लोक हसले. मग हसायचे थांबले. शेवटी शेवटी तर टेम्पोवाले तुमच्याकडे न बघताच कॅन उतरवायला लागले, कारण आजवर आपण काय बघत होतो हे त्यांना कळलं होतं. शेवटचा टेम्पो गेल्यावर तुम्ही ते नासकं दूध गटारात ओतलंत, कॅन स्वतः धुतलात, उलटा करून ठेवलात आणि त्याच्यावर बसलात.

"पाय मोडलं राव," तुम्ही म्हणालात. "हितून पुढं हितं कुणी उभं ऱ्हायचं न्हाई. बसायचं. चहा घ्यायचा. आन् काय चुकलं ते सांगायचं. सुरुवात मी करीन."

बस्. त्या दिवशी मी घरी जाताना बसमध्ये एकटीच हसत होते. शेजारच्या बाईंनी पदर सावरून जरा पलीकडे सरकून घेतलं.

तेव्हापासून साडेनऊचा चहा कॅनपाशी. रोज पहिली चूक तुमची. कधी चूक नसायची, तर तुम्ही शोधून आणायचात. एकदा बबननं तुम्हाला पकडलंसुद्धा, "भाऊ, ही चूक मागल्या मंगळवारची हाय. शिळा माल चालायचा न्हाई." केवढे हसलो होतो आपण! टेम्पोवाल्याच्या हातातला चहा सांडला. आणि त्या हसण्यातच कुणीतरी सहज सांगून टाकलं, की टाकीचं झाकण आपल्याकडून उघडं राहिलं होतं. कुणी दचकलंसुद्धा नाही. एकजण उठला आणि झाकण लावून आला.

चहा संपला की तुमचे तीन प्रश्न. "फॅट किती? डिग्री किती? झोप किती?" पहिले दोन दुधाचे, त्यातल्या स्निग्धांशाचा आणि दाटपणाचा, तिसरा माणसाचा. तिसऱ्याचं उत्तरही तसंच आकड्यात द्यायचं. "बरी आहे" म्हटलेलं चालायचं नाही. "बरी म्हंजी किती? दुधाला बरं म्हनता का तुमी?" पाच तासांच्या खाली आकडा आला, की त्या दिवशी त्या माणसाला अमोनियाच्या खोलीत किंवा उकळत्या पाण्याच्या पाइपांपाशी काम द्यायचं नाही. कारण विचारायचं नाही. नुसती जागा बदलायची. किती सोपं होतं ते! मी नंतर पुष्कळ पुस्तकं वाचली, भाऊ, कामाच्या जागी माणसाचं मन कसं सांभाळावं यावरचीही. त्यात जाड जाड शब्दांत जे लिहिलंय, ते तुम्ही दुधाच्या डिग्रीशेजारी बसवून टाकलं होतंत.

पण एक सांगते. नवा साहेब चांगला आला म्हणून जुनी भीती लगेच निघून जात नाही. माझी गेली नाही. एकेक चिठ्ठी मी तीनतीनदा तपासायची, घरी गेल्यावर परत सगळ्या बाटल्या मनातल्या मनात मोजायची. झोपेचा आकडा विचारलात की मी "सहा" म्हणायची. भाऊ, ते खोटं होतं. दोनसुद्धा नसायची. मग छाती धडधडायला लागली. मी नारायणगावहून बसनं यायची. केंद्राचा थांबा आला की पाय उचलायचेच नाहीत. एकदा बस थांबली, सुटली आणि मी खिडकीतून केंद्र मागं जाताना बघत राहिले. मंचरच्या स्टँडवर उतरले. परतीची बस यायची, जायची. मी बाकावरून हलले नाही.

तुम्ही तेव्हा मंचरला राहत होतात. कामावर निघालेल्या तुम्हाला मी दिसले. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, "बाई, हितं काय करता? ड्यूटी हाय ना?" तुम्ही पेरू घेतलेत. दोन. मीठ लावून घेतलंत. एक माझ्या हातात दिलात आणि बाकावर बसलात.

"मीबी बसायचो असा," अर्धा पेरू संपवून तुम्ही म्हणालात. "आदीच्या नोकरीत. आत जायच्या आदी हापिसाला दोन चकरा मारायचो. शिपाई म्हनायचा, रोकडे प्रदक्षिणा घालतोय."

मी हसले आणि त्याच हसण्यात रडू फुटलं. तुम्ही रडू दिलंत. मग मी विचारलं, की तुम्ही त्या दिवशी कॅनशेजारी का उभे राहिलात. तुम्ही पेरूच्या बिया बोटानं काढत बोललात, "माज्या बापाला लोकांनी जन्मभर लांब उभं केलं, बाई. चावडीपासून लांब, पाणवठ्यापासून लांब. उभं करून मानूस सुदारत न्हाई. तो नुसता लांब जातो. तुमीबी लांब चालल्या. मंचरपर्यंत आल्या."

वहिनी माझ्याबरोबर पुण्याला आल्या, मनाच्या डॉक्टरांकडे. दवाखान्याच्या पायऱ्यांवर मी अडले, तर म्हणाल्या, "चल, मलापण दाखवायचंच व्हतं, तुज्या भाऊंबरोबर संसार करून माजं डोकं फिरलंय." डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, बोलायला बोलावलं आणि पंधरा दिवसांची विश्रांती लिहून दिली.

आणि मग तो रजेचा फॉर्म. आपला वाद तिथून सुरू झाला.

"रजेचे कारण" असा एक छोटा चौकोन. मी पेन घेऊन बसलेली, तुम्ही समोर.

"खरं लिवा."

"भाऊ, माझं लग्न व्हायचंय. नारायणगावात हे कळलं तर मला कुणी करून घेणार नाही."

"ताप आला तर लाज वाटती का?"

"ताप उतरतो."

"हेबी उतरंल."

"उतरेल. पण तापाला लोक विसरतात. याला विसरत नाहीत."

 मी "ताप" लिहिलं. तुम्ही सही केलीत. तुमची ती भयानक सही, कोंबडीनं पाय उमटवल्यासारखी. फॉर्म बाजूला ठेवताना म्हणालात, "सही केली. पर वाद ऱ्हायला बरं का."

मला अजूनही वाटतं, की त्या दिवशी मी बरोबर होते. माणसाला लपायला एक जागा मिळणं हासुद्धा आधारच असतो. तुम्ही म्हणायचात, "लपायला जागा पायजेच. पर तिथंच ऱ्हायला न्हाई लागलं पायजे." वर्षानुवर्षं आपण एवढ्याच एका गोष्टीवर भांडत राहिलो. मी पंधरा दिवसांनी परत आले. तुम्ही माझी विचारपूससुद्धा केली नाहीत. फक्त त्या दिवसापासून सगळ्या चिठ्ठ्या दोघांनी बघायचा नियम झाला. सगळ्यांसाठी. त्यामुळे तो माझ्यासाठी केलाय असं कुणाला वाटलं नाही. आणि मला एकटीला तीनतीनदा बघायची गरज राहिली नाही.

परत आल्याच्या पहिल्याच दिवशी बबन म्हणाला होता, "काय बाई, ताप डोक्यात गेला व्हता का?" दोघंतिघं फिदीफिदी हसले. तुम्ही त्याला काही बोलला नाहीत, याचा मला राग आला होता. पण बबननं तो विषय पुन्हा कधी काढला नाही. का, ते मला काल कळलं.

माझं लग्न झालं. मुलगी झाली. गावोगावी दूध थंड करायची यंत्रं बसली, कॅनऐवजी टँकर यायला लागले. आता केंद्रावर तेवढा एकच कॅन उरलाय. तुम्ही निवृत्त होऊन खोडदला गावी राहायला गेलात आणि तुमच्या खुर्चीवर मी आले. तिसरा प्रश्न मीही रोज विचारते. पण खरं सांगू? सगळे सवयीनं सांगतात. सहा, सात, सात, सहा. मीही सवयीनं ऐकते. एकेकाळी मी स्वतः "सहा" म्हणत होते, हे मी विसरले होते.

तुम्ही कधीही भेटलात की एक वाक्य ठरलेलं, "फॉर्म दुरुस्त केला का?" लग्नात तुम्ही अक्षता टाकताना विचारलं होतंत. मुलीच्या बारशाला पाळण्यापाशी विचारलं होतंत.

शेवटचं भेटलो ते महिन्याभरापूर्वी, खोडदला. वहिनींनी मासवडी केली होती. जेवण झाल्यावर आपण बांधावर बसलो. समोर खोडदच्या त्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठ्या मोठ्या जाळीच्या ताटल्या आकाशाकडे तोंड करून उभ्या होत्या. तुम्ही म्हणालात, "बगा बाई, लाखो कोस लांबचं ऐकायला केवढाले कान लावल्यात. आन् आमच्या हापिसात शेजारच्या टेबलावरचं ऐकू येत न्हवतं." आपण हसलो. मग तुम्ही विचारलंत, "फॉर्म दुरुस्त केला का?"

त्या दिवशी मी का चिडले, मला सांगता येत नाही. मुख्य कार्यालयाचं काहीतरी डोक्यात होतं. मी म्हणाले, "भाऊ, किती वर्षं तेच? आता तरी सोडा."

"बरं. सोडलं," तुम्ही म्हणालात.

त्याआधी तुम्ही कधी "सोडलं" म्हणाला नव्हतात. तुम्ही ताटल्यांकडे बघत राहिलात. मी घड्याळ बघितलं आणि बस गाठली. आपल्यात झालेलं शेवटचं बोलणं ते. बारा दिवस झाले, भाऊ, एवढं एक मला कुठं ठेवावं कळत नाही.

आता काल.

साडेनऊचा चहा झाला. मी नेहमीसारखं विचारत गेले. सात, सहा, सात. बबनपाशी आले.  तो पुढं झाला आणि कॅनवर बसला. हसू येईल असं सगळं होतं. तो कॅन, तो बबन, ती गुडघ्यावरची टोपी. कुणी हसलं नाही.

"दोन," तो म्हणाला. "कवा कवा तेबी न्हाई. भाऊ गेल्यापासून असंच चाललंय."

मी कारण विचारलं नाही. तुमच्याकडून तेवढं शिकले आहे.

"परवा म्या अमोनियाचा व्हॉल्व्ह उलटा फिरवला. ध्यानात आलं म्हनून वाचलो. न्हाईतर आज तुमी सगळी..." त्यानं गुडघ्यावरची टोपी उलटीसुलटी केली. "मला मशीनवर बसवू नका, बाई. माजं डोकं ठिकाणावर न्हाई. हे माजंच हाय, मशीनचं न्हाई."

भाऊ, ऐकलंत का? एके काळी गळत्या अमोनियावर ओलं पोतं गुंडाळून दोन दिवस गप्प बसलेला माणूस! त्याच माणसानं, काही झालेलं नसताना, कुणाला कधी कळलंही नसतं असं, आपणहून सांगितलं. सगळ्यांचे जीव त्या एका वाक्यानं वाचले असतील. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. दुसऱ्या ऑपरेटरनं कॉम्प्रेसरच्या खोलीच्या किल्ल्या बबनच्या हातातून घेतल्या, पाठीवर थाप मारली, म्हणाला, "जावा घरी, मामा. मी बगतो." एवढंच. तेवढंच पुरे होतं.

मग बबन माझ्या टेबलापाशी आला. रजेचा फॉर्म घेतला. तोच छोटा चौकोन. पेन धरून बसला आणि हळूच विचारलं, "बाई, ताप लिवू?"

माझ्या डोळ्यांपुढं माझं स्वतःचं अक्षर आलं. काय सांगणार होते मी त्याला? खरं लिही म्हणायला माझ्या जिभेला काय हक्क होता?

"तुला लिहायचं ते लिही, बबन. मी सही करीन. पण थांब, आधी मला माझा लिहू दे."

मी कोरा फॉर्म ओढला. दोन दिवसांची रजा, उद्यापासून. कारणाच्या चौकोनात लिहिलं, "मन बरं नाही." आणि तो त्याच्यापुढं सरकवला. त्यानं बोट ठेवून वाचला.

"तुमालाबी?"

"मलाही. आणि तेव्हाही. पंधरा दिवसांची रजा घेतली होती ना मी? तो ताप नव्हता."

बबननं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याला दूध पांढरं असतं असं सांगितलंय.

"ते तर समद्यांला ठावं व्हतं, बाई."

"काय?"

"म्या तुमची चेष्टा केली व्हती ना, त्याच दिशी भाऊंनी मला कॉम्प्रेसरच्या मागं नेलं. वरडले न्हाईत. म्हनले, बबन, बाई ज्या दिशी सवता सांगतील, त्या दिशी आपल्याला कळलं असं समजायचं. तवर ताप म्हंजी ताप." मग तो म्हणाला, "म्या सगळ्यांला बजावलं व्हतं. कुणी बोललं तर मशीनमदी घालीन म्हनून."

भाऊ! म्हणजे समोर तुम्ही माझ्याशी भांडत होतात आणि पाठीमागं माझ्या खोट्याला राखण करत होतात. "लपायची जागा" म्हणून मी ज्या चौकोनावर जन्मभर तुमच्याशी वाद घातला, त्या चौकोनाच्या चारी बाजूंना तुम्ही माणसं उभी केली होतीत. आणि एकदाही मला सांगितलं नाहीत. वाद जिंकायला तेवढंच पुरलं असतं. खोडदला बांधावर तुम्ही "सोडलं" म्हणालात, तेव्हाही हे तुमच्या खिशात होतं.

मी टेबलावर डोकं ठेवून रडले. बबननं पाण्याचा ग्लास आणला आणि म्हणाला, "रडायचा पाट भाइर हाय, बाई." रडता रडता मला एवढं हसू आलं, की ठसका लागला.

त्यानंही तेच लिहिलं. "मन बरं नाही." दोन्ही फॉर्म दुपारच्या टँकरबरोबर मुख्य कार्यालयात गेले. आज सकाळी तिथल्या लेखनिकाचा फोन आला.

"बाई, दोन्ही फॉर्मवर येकच कारण? असं कारण आमच्या यादीत न्हाई. मी ताप करून घिऊ का?"

"नको. ताप नाही."

"मंग सायबांना काय सांगू?"

"सांगा, रोकडेभाऊ गेले."

 मग तो म्हणाला, "हिकडंबी कुणाचं चित्त थाऱ्यावर न्हाई, बाई. ऱ्हाऊ द्या तसंच." आणि फोन ठेवला.

तर वाद मिटला, भाऊ. तुम्ही जिंकलात असं मी म्हणणार नाही. तेव्हा मी बरोबर होते आणि आता तुम्ही बरोबर आहात, इथपर्यंत मी आले आहे. तुम्हाला हे चालणार नाही, ठाऊक आहे. त्याच्यावर तुम्ही काय बोलला असतात ते ऐकायला मी आज काय वाट्टेल ते दिलं असतं.

रविवारी हे दुसऱ्या कुणाला वाचायला द्यायचं असं ठरवलं होतं. चारचौघांत माझा आवाज फुटत नाही. पण आता हे मीच वाचणार आहे, त्या पंधरा दिवसांसकट, माझ्या सासरच्या माणसांसमोर. बारीक आवाजात का होईना. उभी मात्र राहणार नाही. बबननं कॅन घासून ठेवलाय, तो टेम्पोत घालून खोडदला आणणार आहे. मी त्याच्यावर बसेन.

आणि तुम्ही विचारायच्या आधीच सांगते. काल रात्री, सात तास. खरंच सात.